अठरा पानांचा अहवाल आणि कुड्याच्या शेंगा : फोंड्यातील एका करिअर समुपदेशन सेवेविषयी

दहावीत असलेल्या माझ्या धाकट्या मुलीसाठी आम्ही या वर्षी गोव्यातील फोंडा शहरातील एका खाजगी करिअर समुपदेशन केंद्राची सेवा घेतली. चतुर्थी होऊन आठवडाभर झाला असेल तेव्हा पहिली बैठक झाली आणि नाताळच्या सुट्टीआधी शेवटची. मधल्या काळात पाच बैठका, एक दीर्घ चाचणी आणि चार माणसांना भेटून त्यांचे काम जाणून घेणे असा क्रम होता. या सर्वांचे मिळून आम्ही साडेसहा हजार रुपये दिले. केंद्र चालवणाऱ्या बाई सगळे काम एकट्याच पाहतात, महिन्याला मोजकीच मुले घेतात, आणि आपल्या नावाची जाहिरात होऊ नये असे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे केंद्राचे नाव मी येथे देत नाही. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण मी फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडून चौथी पूर्ण करून गेलेल्या मुलांचे आईवडील पुढे पाच-सहा वर्षांनी भेटतात तेव्हा हमखास हाच प्रश्न विचारतात, की बाई, अशा ठिकाणी मुलाला न्यावे का, आणि नेले तर काय पाहून न्यावे.

या प्रश्नाचे उत्तर मला दोन मुलांच्या दोन वेगळ्या अनुभवांतून मिळाले आहे, आणि पहिला अनुभव सांगितल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी थोरला दहावीत असताना एका सभागृहात पालकांसाठी व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर मुलांच्या दहाही बोटांचे ठसे यंत्रावर घेण्यात आले. ठशांवरून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता, मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाचे प्रमाण आणि योग्य करिअर सांगता येते, असा त्या मंडळींचा दावा होता. आठ हजार रुपये भरल्यावर पंधरा दिवसांनी गुळगुळीत कागदावरचा चाळीस पानी रंगीत अहवाल हातात आला. त्यात आमच्या मुलात नेतृत्वगुण आहेत, तो वरून शांत पण आतून अस्वस्थ असतो, योग्य वातावरण मिळाल्यास तो मोठी झेप घेईल आणि व्यवस्थापन हे त्याचे क्षेत्र आहे, असे लिहिले होते. ते वाचताना मला आणि माझ्या यजमानांना प्रत्येक वाक्य अगदी आपल्याच मुलाचे वर्णन वाटले. त्या भरवशावर आम्ही त्याला वाणिज्य शाखेत घातले. अकरावीचे वर्ष त्याने कसेबसे काढले आणि शेवटी घरात न बोलता नुसता बसू लागला. आज तो आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांचे फ्रीज उघडून बसतो आणि जेवायला दोनदा हाक मारावी लागते. गेलेले वर्ष त्याचे गेले, आणि तो निर्णय आमचा होता.

नंतर मी याविषयी वाचले. बोटांवरच्या रेषा जन्माच्या आधीच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. मूल पुढे काय पाहते, काय शिकते, कशाची सवय लावून घेते याचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. ठशांवर आधारलेल्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये स्पष्ट निवेदन काढून सांगितले आहे. अहवालातील वाक्ये आम्हाला खरी का वाटली, याचेही उत्तर फार जुने आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि निकाल म्हणून सर्वांच्या हाती एकच मजकूर ठेवला. तो त्यांनी एका ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवला होता. वर्णन कितपत अचूक आहे यासाठी विद्यार्थ्यांनी पाचपैकी दिलेल्या गुणांची सरासरी ४.२६ आली. आम्ही दोघे त्या वर्गातले चाळिसावे आणि एकेचाळिसावे विद्यार्थी ठरलो होतो. हे कोणत्याही पालकाच्या बाबतीत घडू शकते, म्हणून ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यामुळे या खेपेस मी सावधपणे गेले. बसल्या बसल्याच मी बाईंना त्यांचे शिक्षण विचारले, कोणत्या चाचण्या वापरता आणि त्यांच्या पुस्तिका पाहायला मिळतील का हेही विचारले. त्यांनी राग मानला नाही. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि शालेय मार्गदर्शनाची पदविका त्यांनी दाखवली आणि चाचणीची पुस्तिका कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली. आपल्या कामाची कागदपत्रे दाखवायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्याकडे मूल नेऊ नये असे मला आता ठामपणे वाटते.

पहिल्या बैठकीत मुलगी जवळजवळ गप्प होती. कोणता विषय आवडतो, मोठेपणी काय व्हायचे आहे, या प्रश्नांना तिचे एकच ठरलेले उत्तर होते, ‘म्हाका खबर ना’, म्हणजे मला माहीत नाही. मी मध्ये बोलायला गेले तेव्हा बाईंनी हातानेच थांबवले. मग त्यांनी प्रश्न बदलला. गेल्या महिन्याभरात कोणी न सांगता तू तासापेक्षा अधिक वेळ काय करत होतीस, एवढेच त्यांनी विचारले. थोडा वेळ गेला, आणि मग मुलगी माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीबद्दल, बोलू लागली.

आमच्या घरी गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान गोळा करायला ती लहानपणापासून काकांबरोबर रानात जाते. कांगले, घागऱ्या, कवंडळे, आंबाडे, सुपारीचे घड, कुड्याच्या शेंगा असे सगळे तिला ठाऊक आहे, हे मलाही माहीत होते. पण ते चतुर्थीपुरते कौतुक म्हणून माहीत होते. बाईंनी मात्र तेथेच बोट ठेवले. या सगळ्यात तुला काय आवडते, रानात हिंडणे, फळे शोधणे, ती ओळखणे, की माटोळी सुंदर दिसावी म्हणून ती कशी बांधायची ते ठरवणे, असे त्यांनी एकेक करून विचारले. बांधण्याचे काम काकाच करतात आणि त्यात मला रस नाही, असे ती म्हणाली. मग तिने बाईंच्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि त्यावर शेंगांच्या दोन जोड्या काढल्या. बाजारात कुड्याच्या म्हणून ज्या शेंगा विकतात त्या दोन वेगळ्या झाडांच्या असतात, हे ती समजावून सांगू लागली. दोन्हींच्या शेंगा लांब आणि जोडीने लागतात, दोन्ही झाडांतून पांढरा चीक येतो. पण पांढऱ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा खालपर्यंत सुट्या असतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात. या वर्षी काकांनी चुकून दुसऱ्याच आणल्या होत्या आणि तिने त्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघरात घडलेली ही गोष्ट मला पहिल्यांदा त्या खोलीत, परक्या माणसासमोर कळली. या सेवेतील सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच होता, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही.

दुसऱ्या बैठकीत आवडींची प्रश्नावली होती. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सहा प्रकारांवर ती आधारलेली आहे. हाताने वस्तू व अवजारे हाताळणारा, शोध घेणारा, कलात्मक, माणसांत रमणारा, उद्यमशील आणि नीटनेटक्या नोंदी-पद्धतीत रमणारा असे ते प्रकार. प्रत्येक माणसात सहाही असतात, प्रमाण वेगळे असते. प्रश्नावलीत कामांची छोटी वर्णने असतात आणि ‘आवडेल’, ‘आवडणार नाही’ असे खूण करून सांगायचे असते. येथे बाईंनी स्वतःची एक भर घातली होती, आणि तीच मला त्यांच्या पद्धतीचा गाभा वाटते. त्यांनी पेन्सिलीने तिसरा रकाना आखून दिला होता, ‘पाहिलेच नाही’. जे काम तू कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीस, त्याच्यापुढे आवडीची खूण करू नकोस, या रकान्यात कर, असे त्यांनी बजावले. साठ वर्णनांपैकी बावीस वर्णने त्या रकान्यात गेली. प्रयोगशाळेत नमुने तपासणे, विम्याचे दावे पाहणे, इमारतीचा आराखडा काढणे, ही कामे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आवडतात किंवा आवडत नाहीत म्हणून सांगायची तरी कशाच्या आधारावर? फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे कार्यालय काढले, तेव्हाच त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, की स्वतःची ओळख हवी, कामांची ओळख हवी आणि या दोन्हींची विचारपूर्वक सांगड हवी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिलीच तेवढी मोजली जाते आणि दुसरी छापील माहितीवर भागवली जाते. त्या बावीस रिकाम्या जागांवरून पुढे कोठे जाऊन काय पाहायचे हे ठरले.

क्षमता चाचणीविषयी मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मी बाईंनाही सांगितली आहे. शब्दांवर आधारित तर्क, अंकांवर आधारित तर्क, आकृत्यांतील क्रम, अवकाशाची जाण, यांत्रिक तर्क, वेगाने व अचूक तपासणी असे तिचे भाग असतात. ती संगणकावर, संपूर्ण इंग्रजीत आणि जवळजवळ सलग दोन तास घेतली गेली. शाळा आणि शिकवणी आटोपून आलेल्या मुलीला संध्याकाळी साडेपाचला या चाचणीस बसवणे योग्य नव्हते. खिडकीखालून बसगाड्यांचे हॉर्न सतत ऐकू येत होते, ते वेगळेच.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. गोव्यातील असंख्य मुलांप्रमाणे माझी मुलगी चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेली. घरी कोकणी आणि मराठी, शाळेत इंग्रजी, असे तिचे आयुष्य आहे. शब्दांवरील तर्काच्या भागात तिचा शततमक ३८ आला आणि आकृत्यांच्या भागात ८१. शततमक म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पालक तेथेच घाबरतात. तुलनेसाठी निवडलेल्या शंभर मुलांत तिच्या खाली किती मुले आहेत, एवढेच तो आकडा सांगतो, आणि ती शंभर मुले कोणत्या शाळांतली, कोणत्या भाषेत वाढलेली, हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मी ती पुस्तिका पाहिली होती; तुलनेचा गट मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा होता. बाईंनी माझा आक्षेप मान्य केला. पुढच्या बैठकीत त्यांनी त्याच प्रकारचे दहा सोपे-अवघड प्रश्न तोंडी मराठीतून विचारले, त्यांतले आठ मुलीने बरोबर सोडवले. ही काही अधिकृत मोजणी नव्हे आणि त्यांनी ती गुणांत धरलीही नाही. पण अहवालाच्या त्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, की हा आकडा मुख्यतः इंग्रजी वाचनाच्या वेगाचा आहे, तर्कशक्तीचा नाही. त्या एका ओळीने माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. परंतु ज्या मुलाची आई प्राथमिक शिक्षिका नाही आणि जिला असा आक्षेप घेणे सुचणार नाही, त्या मुलाच्या पानावर ती ओळ आपोआप यायला हवी. मराठी व कोकणीतून वाढलेल्या मुलांसाठी गोव्यात काम करायचे, तर निदान सूचना आणि उदाहरणे तरी त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याची सोय केंद्राने करायलाच पाहिजे.

छापील अहवाल अठरा पानांचा आहे. त्यातील पहिली सात पाने मुलीची आहेत आणि उरलेली अकरा कोणाचीही असू शकतात. माझ्या एका सहशिक्षिकेच्या मुलाचा अहवाल मी शेजारी ठेवून पाहिला तेव्हा करिअरची वर्णने शब्दाशब्दाला तीच निघाली. महाविद्यालयांची यादी पुणे आणि बंगळुरूपासून सुरू होते आणि गोव्यासाठी जेमतेम चार ओळी आहेत. हा भाग संगणकप्रणालीतून तयार होऊन येतो, त्यात आपला हात नाही, असे बाईंनी सांगितले. तो बदलता येत नसेल तर वगळावा, असे माझे मत आहे. त्याऐवजी त्यांनी हाताने लिहून दिलेला दीड पानांचा कागद अधिक उपयोगी ठरला. वनस्पतींशी संबंधित शिक्षण गोव्यात कोठे कोठे आहे, तर सुळकर्णे येथील कृषी महाविद्यालय, ताळगावचे गोवा विद्यापीठ, पणजीतील १९६३ पासूनचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय. संशोधनाचे काम कोठे चालते, तर जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आणि सागरी वनस्पतींपर्यंत जायचे असेल तर दोनापावलची १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आणि या वाटा मोकळ्या राहाव्यात यासाठी अकरावीत कोणते विषय सोडू नयेत, हे सगळे त्यात होते.

आता भेटींविषयी. बाईंनी दुसऱ्या बैठकीतच आमच्याकडून नातेवाईक, शेजारी आणि ओळखीच्या माणसांची यादी करून घेतली होती. नावापुढे हुद्दा नव्हे, तर तो माणूस दिवसभर काय करतो ते लिहायचे होते. तेवीस नावे झाली. माझ्या मावसभावाचे काम बोटीवर नेमके कोणते आहे, हे मला वीस वर्षांत पहिल्यांदाच फोन करून विचारावे लागले. त्या यादीतून आणि बाईंच्या ओळखीतून चार माणसे निवडली गेली, आणि प्रत्येकाला विचारायचे पाच प्रश्न मुलीने वहीत लिहून घेतले. त्यातला एक प्रश्न असा होता, की तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा तास कोणता?

पहिली भेट कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेची होती. शेजारचे गृहस्थ तेथे काम करतात. रीतसर परवानगी काढून काचेपलीकडून पाहण्याची सोय त्यांनी केली. गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळते हे पाहण्याचे यंत्र त्यांनी दाखवले. सहा काचेची भांडी, आत शरीराइतके म्हणजे ३७ अंश तापमान राखलेले द्रावण आणि संथपणे फिरणारी वल्ही. मुलगी यंत्रापेक्षा त्यांच्या नोंदवहीकडे अधिक वेळ पाहत राहिली. चुकीचा आकडा लिहिला गेला तर तो खोडायचा नाही, पांढरा रंग लावायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख घालायची. त्यांचा कंटाळवाणा तास अर्थातच या नोंदींचा होता.

दुसरी भेट सावईवेरे येथे आमच्याच नात्यातल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, झाली. कुळागर आम्ही लग्नकार्याच्या निमित्ताने शंभरदा पाहिलेले, पण ते चालवणाऱ्याचा हिशेब कधी ऐकला नव्हता. पावसाळ्यापूर्वी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वेळेवर फवारले नाही तर कोळेरोगाने सुपारी कशी गळून पडते, फवारणीसाठी माडा-पोफळीवर चढणारा माणूस मिळवायला किती दिवस घालवावे लागतात, खेती म्हणजे माकडे येऊन नारळांची काय गत करतात, हे त्यांनी अडीच तास सांगितले. रोगाचा भाग ऐकताना मुलीने दोन पाने लिहिली. मजुरीचा आणि बाजारभावाचा भाग आला तेव्हा वही मिटलेली होती. बाईंनी पुढच्या बैठकीत वही पाहून ही गोष्ट बरोबर टिपली. शेती आवडते की नाही, असा ढोबळ प्रश्न विचारला असता तर यातले काहीच हाती लागले नसते.

नणंद परिचारिका आहे. ती रात्रपाळी करून आली तेव्हा तिची मुलाखत घरीच झाली. त्याविषयी फार लिहीत नाही, मुलीला ते काम आपल्याला झेपणार नाही असे वाटले आणि आत्याविषयीचा आदर मात्र दुप्पट झाला.

चौथी भेट एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील वनस्पतिसंग्रहाची. वाळवून, दाबून, जाड कागदावर टाके घालून बसवलेले नमुने आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. झाडाचे नाव, कुळ, कोठे सापडले, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले. तेथील प्राध्यापिकांनी आपला कंटाळवाणा तास सांगितला तो चिठ्ठ्या लिहिण्याचा. मुलगी लगेच म्हणाली, की मॅडम, तो तास मी करीन. प्राध्यापिका हसल्या आणि त्यांनी खरोखरच तिच्यापुढे सात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. तिने त्या लिहीपर्यंत आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून राहिलो. पाऊण तास लागला, आणि एका नमुन्याची तारीख आणि त्यावरची फुले यांचा मेळ बसत नाही हे तिने दाखवून दिले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा असावी आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावे, असे म्हटले आहे. ते मी शिक्षिका म्हणून वाचले होते आणि कागदावरची चांगली कल्पना म्हणून सोडून दिले होते. या चार भेटींनंतर ते दहा दिवस प्रत्येक शाळेने मनापासून करावेत असे मला कळकळीने वाटते, कारण आमच्या मुलीला हे सर्व मिळाले ते आम्ही पैसे देऊ शकलो म्हणून.

पालकांची बैठक केवळ अर्ध्या तासाची होती आणि ती फार अपुरी पडली. त्या अर्ध्या तासात बाईंनी मला आणि यजमानांना, मुलीसाठी मनात असलेली तीन कामे कागदावर लिहायला सांगितली आणि मुलीला, आईबाबांच्या मनात काय असेल ते लिहायला सांगितले. माझ्या कागदावर पहिले नाव डॉक्टर होते, तिच्याही. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय १८४२ पासूनची परंपरा सांगते आणि आमच्यासारख्या घरांत ते नाव देवाच्या पाठोपाठ घेतले जाते. मी ते तिच्यासमोर कधी बोलले नव्हते अशी माझी समजूत होती. यातले काम तुम्ही स्वतः किती वेळ जवळून पाहिले आहे, असे बाईंनी मला शांतपणे विचारले. मला उत्तर देता आले नाही. मुलीच्या प्रश्नावलीतला तो तिसरा रकाना मलाही लागू होता. यावर बोलायला आणखी एक तास हवा होता, पण बाहेर दुसरे कुटुंब येऊन बसले होते.

आणखी एक उणीव मला खुपली. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि बारावीची व्यावसायिक शाखा यांची माहिती संपूर्ण प्रक्रियेत शेवटच्या अर्ध्या पानावर आली, जणू गुण कमी पडले तरच तिकडे वळायचे. माझा मुलगा आयटीआयमध्ये आहे आणि तो तेथे कमी गुणांमुळे नाही, त्याचे हात तेथे रमतात म्हणून आहे, हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि यादीत त्याचे नाव इतर मुलांनी भेटायचा माणूस म्हणून लिहून घेतले. हे मला आवडले. पण मांडणी बदलली तर अधिक आवडेल.

साडेसहा हजार रुपये प्रत्येकाला परवडणारे नाहीत, आणि परवडत नसतील तर मुलाचे काही अडत नाही, असे मी माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या पालकांना आता सांगते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ आणि एनसीईआरटी यांनी नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची क्षमता चाचणी तयार केली आहे. ती विनामूल्य आहे आणि तिच्यात पास-नापास नसते. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. हॉलंडच्या सहा प्रकारांवरची साठ विधानांची प्रश्नावली अमेरिकेच्या श्रम खात्याने सर्वांसाठी खुली ठेवली आहे, आणि तिसरा रकाना पेन्सिलीने आखायला पैसे पडत नाहीत. तेवीस नावांची यादी कोणत्याही गोमंतकीय घरात एका संध्याकाळी होते. घरी जे होत नाही ते म्हणजे मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे आणि वहीतल्या मिटलेल्या पानाचा अर्थ लावणे. मी त्या कौशल्याचे पैसे दिले आणि ते वसूल झाले. चाचणी आणि छापील अहवाल एवढेच देणाऱ्या सेवेसाठी मी यापुढे एक रुपयाही देणार नाही. या केंद्रात मूल न्यायचे असेल, तर चाचणी सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्यावी आणि सूचना मराठीतून किंवा कोकणीतून द्याव्यात, असे आधीच ठरवून घ्यावे. दहावीऐवजी नववीत न्यावे, म्हणजे भेटींना वेळ मिळतो. आमच्या भेटी सहामाही परीक्षेच्या आगेमागे ओढून-ताणून बसवाव्या लागल्या.

मुलीचे अजून काहीही पक्के ठरलेले नाही. अकरावीत विज्ञान शाखा घ्यायची, जीवशास्त्र घ्यायचे आणि गणित सोडायचे नाही, इतकेच ठरले आहे. जुन्या वर्तमानपत्रांत आणि पाटावरवंट्याखाली दाबून तिने आतापर्यंत एकतीस नमुने वाळवले आहेत. चिठ्ठ्यांवर झाडांची नावे ती मराठी, कोकणी आणि शास्त्रीय अशी तिन्ही लिहिते, आणि चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही व तारीख घालते. दहावीच्या निकालानंतर विषयांवर शेवटचा हात फिरवण्यासाठी बाईंनी आणखी एक बैठक सुचवली आहे. तिचे सहाशे रुपये वेगळे पडतील, आणि ते आम्ही देणार आहोत.